पहिल्या बॅचचे ताकसांडे काका

ताकसांडे काका जनावराच्या तोंडाशी नाक नेत आणि डोळे मिटून घेत. आधी वास, मग हात, मग थर्मामीटर, असा त्यांचा क्रम होता. आमच्या पहिल्या प्रॅक्टिकलला त्यांनी एका नुकत्याच व्यालेल्या गाईचा वास असाच घेतला, मागे सरकले आणि समोर मी होते म्हणून मला म्हणाले, "ये पोरी, तू घे." मी रोहण्यासारख्या खेड्यातली असले तरी आमच्या घरी जनावर नव्हतं. वडील आर्वीला तहसील कार्यालयात कारकून. श्वास रोखून मी पुढे झाले. काका म्हणाले, "श्वास रोखून वास कसा येईन?" मग मी श्वास घेतला. गाईच्या तोंडाला पिकून गेलेल्या पेरूसारखा गोड वास होता.

"असा वास आला का समजाचं, दूध कमी होते अन् खाणं सुटते," काका म्हणाले.

"काऊन?" मी कारण विचारलं.

"काऊन थे मले नाई माईत. होते एवढं माईत हाये."

पदवीच्या वर्गातल्या पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याने असं उत्तर द्यावं, याने मी गोंधळले. खरं तर त्याच्या आधीपासूनच गोंधळलेली होते. मला सावंगीला नर्सिंगला जायचं होतं, पण मार्क कमी पडले. प्रवेशाच्या धावपळीत कोणीतरी वर्धेतल्या या नव्या कॉलेजचं नाव सुचवलं. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी वडिलांना सांगितलं, "नर्सिंगच आहे, फक्त पेशंट वेगळे." विद्यापीठाची पशुशुश्रूषेची तीन वर्षांची पदवी, आणि आमची पहिलीच बॅच. वडील नातेवाइकांना नुसतं "नर्सिंग करते" एवढंच सांगत. त्यामुळे दिवाळीत मी घरी गेले की आत्या ब्लडप्रेशर मोजायला हात पुढे करायची.

ही पदवी मिळाल्यावर आम्ही नेमकं कोण होणार, हे कॉलेजात कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. डॉक्टर नाही, हे पक्कं होतं. प्राचार्य मॅडम म्हणायच्या, "या क्षेत्राला खूप भविष्य आहे." डॉक्टर सर आठवड्यातून दोन दिवस नागपूरहून येत, भराभर स्लाइड दाखवत आणि गाडीची वेळ झाली की जात. उरलेले चार दिवस गोठ्यात ताकसांडे काका. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर ड्रेसर म्हणून काम केलं होतं. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टरांनी हात आत घातला की गाय धरून ठेवणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर मॅडमनी त्यांना गोठा सांभाळायला ठेवलं, आणि सांभाळता सांभाळता ते आम्हाला शिकवू लागले. वेळापत्रकात मात्र त्यांच्या तासांपुढे डॉक्टर सरांचं नाव असे.

पेरूसारख्या वासाचं कारण मी त्या आठवड्यात पुस्तकात शोधलं आणि काकांना जाऊन सांगितलं, याला कीटोसिस म्हणतात, अंगातली चरबी जळायला लागते. त्यांनी खिशातली छोटी वही काढून "किटोसीस" असं देवनागरीत लिहून घेतलं. "एवढी वर्सं वास घेतला, नाव आज माईत झालं," म्हणाले. त्यांना त्यात लाज वाटली नाही. मला मात्र वाटली, कशाची ते कळलं नाही. पुढे डॉक्टर सरांच्या चाचणीत 'तपासणीची पहिली पायरी कोणती?' असा प्रश्न आला. मी लिहिलं, 'जनावराच्या तोंडाचा वास घेणे.' पेपरावर लाल शाईत एक भलंमोठं प्रश्नचिन्ह आलं. काकांना दाखवलं तर म्हणाले, "त्यायचं बी बरोबर असन. पेपरात त्यायचं लिहत जाय, गोठ्यात माहं करत जाय." ते सहज म्हणाले, पण मी कितीतरी दिवस त्या दोन उत्तरांच्या मध्ये अडकून राहिले.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत शांताबाई शेळी घेऊन आल्या. जवळच्याच वस्तीतल्या, शेतमजुरी करणाऱ्या. शेळीची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. डॉक्टर सरांचा तो दिवस नव्हता, आणि त्यांचा फोनही लागेना. काकांनी तेलाची बाटली घेतली, शेळीचं तोंड आभाळाकडे केलं आणि पाजायला लागले. आदल्याच आठवड्यात मी पुस्तकात वाचलं होतं, की पाजताना तोंड फार वर करू नये, तेल श्वासनळीत उतरतं. मी हळूच म्हटलं, "काका, तोंड थोडं खाली घ्यायचं असतं ना?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जन्मली नव्हती तवापासून पाजून राह्यलो मी." शेळी दोनदा खोकली. ते पाजतच राहिले. पोट उतरलं. शांताबाई त्यांच्या पाया पडून गेल्या.

तिसऱ्या दिवशी शेळी गेली. धाप लागून, नाकातून फेस येऊन. बातमी घेऊन शांताबाईच आल्या होत्या, तक्रार करायला नव्हे. त्यांना वाटत होतं की पोट पुन्हा फुगलं असावं. काका गोठ्याच्या दाराशी उभे होते. ते म्हणाले, "पोटानं नाई गेली, बाई. मी चुकीचं पाजलं. तेल फुफ्फुसात गेलं. ह्या पोरीनं मले सांगतलंतं, मी ऐकलं नाई."

आता शांताबाई भांडतील, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "तुमी हे मले काऊन सांगतलं? मी त नशीब समजून गप बसली असती. आता मले रोज तुमची याद येईन." त्या गेल्या, आणि पुन्हा कधी आमच्या गोठ्याकडे फिरकल्या नाहीत.

खरं सांगितलं तर समोरच्याला बरं वाटतं, निदान सांगणाऱ्याला तरी हलकं वाटतं, असं मला घरी शिकवलेलं होतं. इथे दोघांचंही तसं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्यासमोर येऊन बसले. "थे पान काढ. वाच." पुस्तक इंग्रजी. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. तोंड किती वर, बाटली कुठल्या बाजूने, खोकला आला की लगेच सोडायचं. खोकल्याच्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली. मग उठले, गोठ्यातली एक शेळी धरली आणि आम्हा अकरा जणांकडून साध्या पाण्याने तोंड खाली ठेवून पाजण्याचा सराव करून घेतला. "माहं पाहून शिकू नोका," म्हणाले, "हिनं वाचलं तसं करा." त्या वेळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. गोठ्याला चुना लागला. मॅडमनी आम्हाला हॉलमध्ये बोलावलं. "प्रॅक्टिकल कोण घेतं असं विचारलं तर डॉक्टर सरांचं नाव सांगायचं," त्या म्हणाल्या. "वेळापत्रकात तेच आहे. मान्यता गेली तर तुमचीच वर्षं वाया जातील." त्या धमकावत नव्हत्या, काळजीने बोलत होत्या. माझी मैत्रीण स्नेहल म्हणाली, "त्यात काय, दोन शब्द तर सांगायचे आहेत." मलाही तसंच वाटलं. मी तेच सांगायचं ठरवलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

समितीत तीन जण होते. त्यांनी गोठ्यात मला पुढे बोलावलं आणि गाईचं पोट चालतं का ते बघायला सांगितलं. काका दोर धरून उभे होते. मी गाईच्या डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबली, घड्याळ लावलं आणि मुठीखाली उठणाऱ्या पोटाच्या लाटा मोजून आकडा सांगितला. समितीतल्या बाईंनी स्वतः मूठ लावून पाहिली आणि खूश होऊन म्हणाल्या, "हात चांगला बसलाय. कोणी शिकवलं?"

मी काकांकडे पाहिलं. ते गाईकडे पाहत होते. माझ्या तोंडून आलं, "ताकसांडे काकांनी."

धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. मूठ अजून गाईच्या कुशीत होती, आणि ती मूठ त्यांनी धरून तिथे ठेवलेली मला आठवत होती. दुसरं नाव त्या क्षणी आलंच नाही. बाईंनी विचारलं, "हे काका कोण?" मॅडम पुढे होऊ लागल्या, त्याआधी काकाच म्हणाले, "मी, साहेब. ड्रेसर व्हतो दवाखान्यात." "शिक्षण?" "नववी नापास."

कॉलेजची मान्यता राहिली. फक्त शेरा आला, अपात्र व्यक्तीने अध्यापन करू नये, पूर्णवेळ पात्र शिक्षक नेमावा. मॅडमनी काकांना काढलं नाही. गोठा सांभाळा, पण विद्यार्थ्यांना काही शिकवू नका, एवढंच सांगितलं. काका आठ दिवस राहिले. आम्ही काही विचारलं की ते झाडू उचलून दुसरीकडे जात. एकदा एका मुलाने म्हशीला इंजेक्शन देताना सुई चुकीच्या जागी टेकवली. काकांचा हात उठला आणि तसाच खाली आला. शनिवारी त्यांनी किल्ल्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. मी फाटकापर्यंत धावत गेले. मला म्हणायचं होतं, माझं चुकलं. पण चुकलं का, हेच ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "जनावरापाशी तोंड शिवून उभं राहनं मले जमत नाई, बाई. तू वाचत राहजो." आणि सायकलवर बसून गेले.

वर्गात दोन तट पडले. स्नेहल म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं खरं बोलायला?" दुसरे काही जण माझं कौतुक करत होते, ते मला जास्त टोचायचं. आणि नवे सर चांगले निघाले. पूर्णवेळ, अभ्यासू, प्रत्येक 'का'चं उत्तर असलेले. त्यांनी पाजणं पहिल्याच तासाला बरोबर दाखवलं. ते वाईट असते तर मला सोपं झालं असतं.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, नोकरीही लागली. वर्धेतल्याच एका खाजगी प्राण्यांच्या दवाखान्यात, 'सहायक' म्हणून. ही पदवी म्हणजे काय, ते दवाखान्यातल्यांनाही ठरवता आलं नाही. दिवसाला कुत्री, मांजरी, मधूनच एखादं वासरू. एका रविवारी पेढे घेऊन मी नालवाडीला काकांच्या घरी गेले. ते अंगणात बसून लसूण सोलत होते. मला पाहून आत हाक मारली, "अवं, हे पाय कोण आलं! हेच थे पोरगी, माही नोकरी घालवली थे!" आणि मोठ्याने हसले. "चहा ठेव चांगला."

काकू बाहेर आल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बस ना माय, उभी काऊन?" मग माझ्या शेजारी बसत म्हणाल्या, "थे साहेब आले त्या दिवशी घरी येऊन जेवले नाईत हे. पोरीनं घात केला म्हणे. ताट तसंच उचललं मी."

हातातला पेढ्यांचा पुडा मी बाजूला ठेवला.

"अन् दुसऱ्या दिवशी," काकू म्हणाल्या, "गल्लीभर सांगत फिरले. तीन मोठ्या साहेबांपुढं पोरीनं माहं नाव घेतलं म्हणे. मास्तर म्हणून."

"काका," मी विचारलं, "मग यातलं खरं कोणतं?"

त्यांनी सोललेल्या लसणाची सालं फुंकून बाजूला केली. "दोनी," ते म्हणाले.

चहा झाला. काकूंनी पिशवीत वालाच्या शेंगा बांधून दिल्या. काका कोपऱ्यापर्यंत सोडायला आले, म्हणाले, "येत जाजो." मी स्टॉपपर्यंत चालत गेले. एकाच उत्तराने मी त्यांना एक दिवस उपाशी झोपवलं होतं आणि शिक्षकही केलं होतं. त्यातलं कोणतं आपल्या हातून झालं म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.