कपाटामागची तार

परवा बल्लारपूरच्या घरी कपाट सरकवलं, तर मागे भिंतीवर टेलिफोनची जुनी तार दिसली. तिच्यातली पिळून जोडलेली जागा बघताच मला पुण्याला शिकायला जाण्याआधीची एक दुपार आठवली.

त्या दुपारी पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरायची मुदत संपत होती आणि आमच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट काही लागत नव्हतं. मी मोडेम दहा वेळा बंद-चालू केला. शेवटी फोन कानाला लावला, तर तोही मुका. तेवढ्यात बाबा मिलमधून आले. त्यांच्या कपड्यांना कागदाच्या लगद्याचा आंबूस वास होता. तार चाचपत ते कपाटामागे गेले आणि थांबले.

"उंदराचं काम नाई हे. कोनीतरी कापली."

दाराशी तांदूळ निवडणारी आई मान वर न करता म्हणाली, "मीच कापली."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरसाठी बाबांच्या मागे लागली होती ती आईच.

"काऊन वं?" बाबांनी विचारलं.

"तुमी ड्युटीवर. हे पोरगी पुण्याले गेली तं मी दिवसभर कोनासंग बोलू?"

बाबांनी दातांनी तार सोलली, तांबं पिळून जोडलं. मोडेमचा दिवा हिरवा झाला आणि मी रडत रडतच फॉर्म भरला.

कित्येक वर्षं मला त्या दुपारचा फक्त राग यायचा. आता माझी मुलगी बंगळूरला असते. आईनं त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता, आणि आम्ही दोघांनीही त्याचं उत्तर दिलं नव्हतं.