विरजणाची माती

भाचीचा फोन आला तेव्हा मी आखाडा बाळापूरच्या माझ्या कृषी दुकानात खोकी लावत होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती बोलली. अक्का माझी थोरली चुलत बहीण. तिला जाऊन सहा आठवडे झाले, आणि तिला एक गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच...

साखऱ्याला, तिच्या गावी, तिच्या विहिरीचं पाणी खारं. त्या पाण्यानं वावराचा एक तुकडा पार पांढरा पडला होता. तिथं कापूसही तग धरेना, आणि ही बाई तिथं शतावरी लावायला निघाली. मी हसलो. शेतीची पदवी माझ्याकडे होती ना! तिनं बांधावरच्या जुन्या शतावरीच्या मुळाशी हात घालून माती काढली आणि प्रत्येक रोपाच्या खड्ड्यात मूठ-मूठ टाकली. "दिनू, दह्याला विरजण लागतं का न्हाई? तसंच हाय हे." रोपं जगली. त्या मातीत मुळांना धरून राहणारी बुरशी असते. तिचे बारीक धागे झाडाला लांबचं पाणी आणून देतात, खार सोसायला बळ देतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. गाव मात्र म्हणायचं, अक्काच्या हाताला गुण आहे. कुणाकडे लागवड असली की पहिलं रोप तिच्या हातचं.

मग एका पावसाळ्यात ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हिंगोलीला गेली. मागं दोन-चार झाडांची मुळं कुजलेली मला दिसली. तिला न विचारताच मी सगळ्या तुकड्यात, बांधापर्यंत, बुरशीनाशक ओतलं. बुरशी म्हटली की मारायची, एवढंच दुकानात बसून डोक्यात उरलं होतं. पुढच्या लागवडीला तिनं नेहमीसारखी त्याच बांधावरची माती घातली, पण रोपं शेंड्याकडून करपत गेली.

"काही टाकलं व्हतं का रे?" तिनं विचारलं.

"न्हाई, अक्का."

इतक्या सहज खोटं मी कधी बोललो नव्हतो. लाज वाटली, म्हणून बोललो. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणत वर्षं गेली.

परवा साखऱ्याला जाऊन भाचीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला काहून सांगितलं न्हाई, मामा? ती म्हणायची, माझाच हात बिघडला. त्या वर्षापासून लोक लागवडीला बोलवायला यायचे, तर दारातूनच परत लावायची."

हे मला ठाऊकच नव्हतं. उठताना कोनाड्यात अक्काचं खुरपं दिसलं. त्यावर गंजाचा जाड थर चढला होता. मी ते घेऊन शर्टाच्या बाहीनं पुसत राहिलो...

"राहू द्या, मामा," भाची म्हणाली. "निघत न्हाई तो."