सुंदराबाईंचं इतिवृत्त

आमच्या अमरावतीच्या अपार्टमेंटमध्ये सचिव व्हायला कोणीच हात वर केला नाही, म्हणून सुंदराबाई झाल्या. तिवशाकडे तीस वर्षं अंगणवाडी सांभाळून निवृत्त झालेल्या बाई. रजिस्टर लिहायची त्यांना सवयच. फक्त सभेचं इतिवृत्त त्या जो जसं बोलला तसं शब्दाला शब्द लिहीत, तेही वऱ्हाडीत. ते वाचून आम्ही शिकलेली मंडळी पोट धरून हसायचो. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

मग बिल्डर गजेंद्रभाऊंनी गच्चीवर हक्क सांगितला. तिथे त्यांना आणखी दोन फ्लॅट चढवायचे होते. दहा वर्षं झाली तरी इमारत त्यांनी आमच्या नावे करून दिलीच नव्हती. गच्ची गेली की वाळवणाची जागा, पाण्याच्या टाक्या, सगळंच जाणार. आम्ही हातपाय गाळले. सुंदराबाईंनी मात्र इमारत गच्चीसकट आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या नावे व्हावी, असा अर्ज सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे ठोकला. सोबत पहिल्याच सभेचं इतिवृत्त जोडलं.

सुनावणीला बिल्डरचे वकील ते पान नाचवत म्हणाले, "साहेब, याला कागदपत्र म्हणायचं? ऐकाच!" आणि मोठ्यानं वाचू लागले, "गजेंद्रभाऊ म्हनले, गच्ची तुमचीच हाये. मी काय संगं नेऊन राहिलो का?"

खोलीत खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. "खाली सही कोणाची?"

वकिलांनी खाली पाहिलं आणि नाचवत होते ते पान हळूच टेबलावर ठेवलं. सही गजेंद्रभाऊंची होती. त्या सभेत चहा पीत पीत, न वाचताच केलेली.

"बोलन्यात येते मानसाच्या," गजेंद्रभाऊ पुटपुटले.

"हो न भाऊ," सुंदराबाई म्हणाल्या. "जसं बोलले तसंच लिवलं. मी कावून बदलू?"

उठून टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटलं. कचेरी होती म्हणून हात आवरले.

महिन्याभरात आदेश आला. इमारत आमची, गच्चीही आमची! जिन्यात पेढे वाटले गेले, प्रत्येकजण आदेशाचे फोटो काढत होता. कडक सरकारी मराठीच्या मधोमध गजेंद्रभाऊंचं ते वाक्य छापलेलं. सुंदराबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. टायपिस्टनं 'हाये'चं 'आहे' केलं होतं.

"थे 'हाये' म्हनले होते," त्या म्हणाल्या, आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसल्या.