वरच्या डेकचे दिवे

काळ्या मार्करचा उग्र वास आला की मला अलास्काची ती बोट आठवते. मी चौदा वर्षांची होते आणि आम्ही तिघं कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटहून क्रूझला गेलो होतो. शाळेच्या पुस्तकात ध्रुवीय प्रकाशाचं चित्र पाहिल्यापासून बाबांना तो फोटो काढायचा होता. एका रात्री डोंगरांवर हिरवा उजेड लहरत होता, पण डेकवरच्या झगझगीत दिव्यांमुळे कॅमेऱ्यात नुसता पांढरट धूर येत होता, आणि आता एकच रात्र उरली होती. अमेरिकेत येण्याआधी बाबा नागपुरात गिरणी कामगारांच्या मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. मी मराठी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. “मग पत्रक काढू या,” मी म्हणाले. बाबा हसले, “अगं, ही बोट आहे, गिरणी नाही. इथे कोण वाचतंय?” “तुमचीच मुलगी, भोगा आता,” आई म्हणाली. सकाळी मी मार्करनं मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘आकाश सगळ्यांचं आहे. दहा मिनिटं दिवे बंद करा,’ आणि नाश्त्याच्या वेळी टेबलाटेबलाशी जाऊन सह्या घेतल्या. एका अमेरिकन आजोबांनी “बोटीवर बंड करतेस काय?” असं चिडवत सगळ्यात मोठी सही ठोकली. कागद कॅप्टनकडे गेला. रात्री अकराला वरच्या डेकचे दिवे खरंच विझले आणि अंधारातून एकच मोठा उद्गार उठला. बोट हलत असल्यामुळे फोटोत हिरवा फराटा तेवढा आला. तो आम्ही कुठेच लावला नाही. पत्रक मात्र बाबांनी कॅप्टनकडून मागून आणलं. परवा त्यांची नागपूरची जुनी फाइल उघडली, तर त्यांच्या सगळ्या पत्रकांच्या वर माझं होतं.