डोळ्यांमागचं पांढरं

समजा, पिचकारी तुमच्या हातात आहे. डॉक्टर "हं" म्हणाले की अंगठ्याने दट्ट्या दाबून धमन्या दाखवणारं औषध आत सोडायचं. पडद्यावर हृदयाच्या धमन्या निष्पर्ण फांद्यांसारख्या काळ्या उमटतात आणि क्षणात पुसल्या जातात. औषध पुढे कुठे गेलं, असं तुम्ही विचाराल का? पायसांदू गावच्या रुग्णालयातल्या सुल्मा नर्सने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

त्या सकाळी टेबलावर एल्बियो होता, गावातल्या फुटबॉल सामन्यांचा जुना पंच. रक्तदाब चढलेला, धमन्या वेड्यावाकड्या. औषध नेहमीपेक्षा बरंच जास्त लागलं. दोनपैकी एक धमनी मोकळी झाली. दुसरी पुढच्या खेपेला ठरली.

खोलीत त्याची बायको मिर्ता काखेत थर्मास धरून थांबलीच होती. तिने 'माते' या कडवट पाल्याच्या चहाच्या पोकळ भोपळ्यात गरम पाणी ओतलं आणि रिवाजाप्रमाणे चहा ओढायची नळी नवऱ्याकडे वळवून भोपळा पुढे केला.

"घे, म्हाताऱ्या."

"कधीची वाट बघतोय!" म्हणत एल्बियोने हात लांबवला, तो भोपळ्यापासून वीतभर बाजूला. मुठीत नुसती हवा.

"नाटकं पुरे झाली," मिर्ता हसली.

सुल्मा हसली नाही. हात खिशातच ठेवून तिने विचारलं, "एल्बियो, किती बोटं आहेत?"

"तीन."

"माझे कपडे कुठल्या रंगाचे?"

"पांढरे. नर्सचे दुसरे कुठले असणार?"

कपडे हिरवे होते.

"तुम्हाला दिसत नाहीये."

"पोरी, प्रेक्षक जन्मभर हेच ओरडत आले. पंच निर्णय फिरवत नसतो!"

तिने विजेरी मारली. बाहुल्या झटकन आकसल्या. म्हणजे डोळे शाबूत होते. बिघाड मागे, मेंदूत होता; म्हणूनच आपल्याला दिसत नाही हे त्याला स्वतःला कळत नव्हतं.

डॉक्टर एचेबार्ने धावत आले. स्कॅनमध्ये मेंदूची मागची बाजू पांढरी दिसत होती.

"गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन आत्ताच द्यायला हवं, नाहीतर नजर जाईल," ते म्हणाले. "पण हे पांढरं रक्त असेल, तर तेच इंजेक्शन जीव घेईल. आणि आपण हृदयासाठी टोचलेलं औषध मेंदूत झिरपलं असेल, तर तेही स्कॅनमध्ये अगदी असंच पांढरं दिसतं."

सुल्माचा अंगठा आपोआप मुठीत गेला.

"दोन्ही बाजूंना सारखंच पसरलंय," डॉक्टर पडद्याला नाक लावून म्हणाले. "मला हे औषधच वाटतंय. इंजेक्शन नको. सलाईन लावा, रक्तदाब सांभाळा. वाट बघू."

"आणि तुमचं चुकलं तर?" मिर्ताने विचारलं.

डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा पुन्हा तपासला. एल्बियो मात्र समोरच्या कोऱ्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय म्हणून कुरकुरत होता.

संध्याकाळी तो मिर्ताचा चेहरा हातांनी चाचपत पहिल्यांदाच म्हणाला, "दिवा लाव ना गं." दिवा लागलेलाच होता.

सकाळी सुल्मा सलाईन बदलायला आली, तेव्हा तो बायकोकडे टक लावून बघत होता.

"म्हातारे, केस विंचरायचे तरी! चिमणीने घरटं केलंय."

मिर्ताने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि तिथेच डोकं टेकून रडली. दुसऱ्या स्कॅनमध्ये पांढरं उरलं नव्हतं. औषधच होतं ते.

"आता दुसरी धमनी," एल्बियो सुल्माला म्हणाला. "पिचकारी तुझ्याच हातात असेल ना?"

तिने होकारार्थी मान डोलावली. धमनी उघडायलाच हवी होती, आणि औषधाशिवाय ती दिसणार नव्हती. कमी वापरू, जपून दाबू, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण एकदा सापडलेल्या वाटेने ते औषध पुन्हा त्याच्या डोळ्यांमागे शिरेल का?