सुनेच्या हातचं सोयाबीन

उंद्रीच्या सुभद्राबाईनं जन्मभर सोयाबीन पेरलं, सोंगलं, विकलं. खाल्लं मात्र कधी नाही. बाई सापाला भ्यायची नाही, पण बुरशीचं नाव काढलं की पांढरीफटक! बुरशी लागलेली सरकीची ढेप खाऊन तिची दारची दुभती म्हैस तडफडून मेली होती. तेव्हापासून शिळी भाकरसुद्धा ती उजेडात उलटूनपालटून पाहायची.

अन् सून आली ती इंडोनेशियाची, जावा बेटावरची! लेक गोकुळ जहाजावर स्वयंपाकी, तिकडंच जमलं त्याचं. सुनेचं नाव लेस्तारी. पोरगी गुणाची. मोडक्यातोडक्या मराठीत सासूला आपल्या मुलखातलं खाणं सांगत बसायची. एका बेटावर भात, दुसऱ्यावर झाडाच्या खोडातल्या पिठाची खळ, कुठं शेंगदाण्याचं कालवण, कुठं नारळाच्या दुधात रटरटलेला रस्सा. सुभद्राबाई नुसती हो हो करायची. कळलं काय, कपाळ!

त्या दिवशी गोकुळ अन् लेस्तारी चिखलीच्या बाजाराला गेले. जाण्याआधी लेस्तारीनं सासऱ्याचा, पंजाबरावांचा, शेतावरचा डबा स्वतः भरून दिला होता. सोयाबीनच्या तळलेल्या वड्या. मागाहून सुभद्राबाईला कोठीत केळीच्या पानाची पुरचुंडी दिसली. सोडून पाहते तर काय, उकडलेल्या सोयाबीनवर पांढरी बुरशी, कापसासारखी दाट! अन् कडेचा तुकडा कापून नेलेला. म्हणजे डब्यात हेच गेलं होतं.

बाईनं गोकुळला फोन लावला, लागेना. तशीच अनवाणी ती शेताकडं पळत सुटली. म्हशीचे ते पांढरे झालेले डोळे काही केल्या नजरेपुढून हटेनात.

पंजाबराव निंबाखाली हात धूत होते. डब्यात एकच वडी उरली होती.

"थुका! आवो, थुका! बुरशी हाय त्याच्यात!"

"मले मालूम हाय," पंजाबराव म्हणाले. "सकाळीच पाह्यली म्या."

"मंग काऊन खाल्लं?"

"भेव तं मलेबी वाटलं वं. पण पोरगी म्हणे, दुधाले विरजण लावता तसंच हे, माह्या मायच्या घरी रोज करतेत. समिंदरापल्याडून आली ते. तिच्या हातचं पहिलंच रांधलेलं कुत्र्याले टाकलं, तं तिनं इथं कोणाच्या भरोशावर राहावं?"

सुभद्राबाईनं त्यांच्या कपाळाला हात लावला, डोळ्यांत निरखून पाहिलं. घाम होता. उन्हाचा की विषाचा, कोण सांगणार? मग तिनं डब्यातली ती वडी उचलली.

"अवं, तू काऊन..."

"तुमी एकटेच काऊन?"

वडी तोंडात घातली, न चावता गिळली, अन् नवऱ्याचा हात घट्ट धरून ती धुऱ्याच्या बांधावर बसून राहिली.