पीचचा बिनगव्हाचा केक

माझ्या भावाला आमच्या गल्लीत पीठमामा म्हणतात. तिशीतच याचे केस पिकले, असं नव्या माणसांना वाटायचं. ते पीठ होतं. पुढे केस खरोखरच पांढरे झाले तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी त्याची धाकटी बहीण. त्याच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा जास्त चालते, असं तो म्हणायचा. वहिनी होती तोवर म्हणायचा. आता काहीच म्हणत नाही.

वहिनी थंडीत गेली. आजारपण लांबलं नाही, कुणाला तयारीला वेळ मिळाला नाही. लोक भेटायला आले तेव्हा दादानं सगळ्यांसाठी चहा केला, कप गोळा केले, धुतले, पुसून फडताळात लावले. मी हंबरडा फोडत होते आणि हा माझ्यासमोर उभा राहून विचारतो, "तुझा चहा गार झाला का?" त्या दिवशी मला त्याचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू. संताप नंतर गेला आणि भीती राहिली. कारण दादा रडला नाही ते नाहीच. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. जेवतोस का? बरं. पंखा लावू का? बरं. एकदा वैतागून म्हटलं, "तुला गच्चीवरून ढकलून देऊ का?" तर म्हणाला, "बरं." मग माझं मलाच कसंतरी झालं आणि मी मुकाट्यानं जिना चढले.

एकदा त्याच्या मनगटावर हा एवढा फोड दिसला. भट्टीतला पत्रा लागला असणार. "कधी भाजलं रे?" तर त्यानं हात उलटासुलटा करून पाहिला, दुसऱ्याचाच असल्यासारखा, आणि म्हणाला, "असेल कधीतरी."

आमचे वडील गेले तेव्हा त्यानं शाळा सोडली आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला लागला. तिथेच तो मोठा झाला, तिथेच म्हातारा झाला. रात्रभर भट्टी, सकाळी पावाच्या लाद्या बाहेर, मग घरी येऊन दुपार उलटेपर्यंत झोप. त्याच्या हातांना डोळे आहेत, असं बेकरीचा मालक गिऱ्हाइकांना सांगतो. खरंच आहे ते. बोलता बोलता, मागे वळून कुणाशी तरी भांडता भांडता त्याचे हात गोळे तोडतात आणि प्रत्येक गोळा सारखा येतो. कोणत्याही टेबलाशी उभा राहिला की आधी त्याचा उजवा हात पीठ भुरभुरल्यासारखा हलतो. स्वतःच्या लग्नात सही करायला बसला, तेव्हा कागदावरही त्यानं तसा हात फिरवला होता. वहिनीनं तो किस्सा जन्मभर पुरवला.

त्याची एकुलती एक लेक दवाखान्यात नर्स आहे, जावई बोटीवर असतो. नातीला गहू चालत नाही. पावाचा तुकडा सोडा, गव्हाच्या पिठाचा हात लागलेलं काही पोटात गेलं तरी पोरीचं पोट फुगतं, उलट्या होतात, पुढचे कित्येक दिवस अंगाला काही लागत नाही. पाववाल्याच्या घरात असली नात यावी, हा दैवाचा विनोद मला अजून हसवू शकलेला नाही. वहिनीनं तिच्यासाठी स्वयंपाकघराचा एक कोपराच वेगळा केला होता. वेगळी भांडी, वेगळी चाळण, छोटा ओव्हन. दर सुट्टीत नात इथेच राहायची आणि दादा झोपलेला असताना दुपारी आजी-नातीचं भाजणं चालायचं. पीचच्या दिवसांत पीचचा केक. दादा उठला की वास घ्यायचा आणि म्हणायचा, "गव्हाशिवाय केक म्हणजे ओली वाळू." वहिनी म्हणायची, "तुम्ही तुमचं बघा."

ती गेल्यावर तो कोपरा लेकीनं उचलून नेला. ओव्हन, भांडी, सगळं. त्यात तिची चूक नाही, पोरीला रोज लागतं ते. मग एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, यंदा सुट्टीत हिला सासूबाईंकडे पाठवते. बाबांकडे कशी ठेवू? ते स्वतःच्याच जेवणाकडे बघत नाहीत."

सासूबाई राहतात दुसऱ्या गावाला. नात एकदा तिकडे रुळली की इथं पाहुणी म्हणून येणार, हे मला लख्ख दिसलं. या माणसाला माणसांत ठेवणारी तेवढी एकच दोरी उरली होती. मी म्हटलं, "तो करून घालेल की तिला. उभा जन्म भट्टीपुढे गेलाय त्याचा. एक संधी तर दे." ती नाही नाही म्हणत शेवटी म्हणाली, "ठीक आहे. रविवारी येते, तिचे कपडे घेऊनच येते. त्यांच्या हातचं तिनं खाल्लं आणि मला धीर आला, तर ठेवून जाते. नाही तर बॅग परत."

दादाला सांगितलं. म्हणाला, "बरं." पण तासाभरानं जिना चढून वर आला. वहिनी गेल्यापासून आपणहून वर यायची त्याची ही पहिलीच वेळ. दारातच उभा राहून म्हणाला, "टिन नवं लागेल. जुन्यात मैदा मुरलेला असतो."

रविवारी बेकरी बंद असते. मालकानं किल्ली दिली. दादानं आदल्या दिवशीच टेबल गरम पाण्यानं धुऊन ठेवलं होतं. सकाळी पुन्हा धुतलं, पुसलं, वर कोरा कागद अंथरला. तांदळाच्या पिठाचं पाकीट सीलबंद, बदाम घरी सोलून माझ्या मिक्सरमध्ये दळलेले. माझा मिक्सरही त्यानं तीनदा धुतला. अंगात नवा सदरा. मी उलट्या डब्यावर बसून माझी टकळी चालू ठेवली होती, कारण तो गप्प असला की मला त्या जागेत वहिनी नसल्याचं ऐकू येतं.

पीच फळवाल्यानं निवडून दिले होते, दाबलं तर बोट किंचित रुतेल असे. दादानं प्रत्येकाच्या बुडाला फुली मारली, उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकले. साल नुसत्या अंगठ्यानं निघून आली. आतला पिवळा गर, बाठीजवळ लालसर. त्यानं बाठी काढल्या, फोडी केल्या, वर लिंबू पिळलं. मग अंडी आणि साखर फेटली, लोणी घातलं, बदाम, तांदळाचं पीठ. एक बोट मिश्रणात बुडवून वर उचललं आणि बराच वेळ बघत राहिला.

"याला ओढ नाही," तो म्हणाला. "मैद्याला ओढ असते. हे नुसतं अंड्यावर उभं राहणार."

इतकी वाक्यं एका दमात तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी फळवाल्याच्या सुनेचं भांडण सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. तो "हं, हं" करत होता. मध्येच "मग सून काय म्हणाली?" असंही त्यानं विचारलं. विचारता विचारता टिनला आतून लोणी लावलं, हात टेबलाखालच्या पिंपात घातला, चिमूट भुरभुरली, टिन गोल फिरवलं, उलटं करून टकटक आपटलं. मी त्याच्या हातांकडेच बघत होते. लहानपणापासून हे बघत आलेय. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. मग त्यानं मिश्रण ओतलं, वर पीचच्या फोडी एकात एक अडकवून गोल लावल्या आणि टिन भट्टीत सरकवलं.

केक असा काही फुलला की मालकानं पाहिला असता तर दुसऱ्या दिवशी काचेच्या कपाटात लावला असता.

केक आम्ही घरी आणला. दुपारी लेक आणि नात आल्या. बॅग दारातच ठेवली, आत आणली नाही. लेक नर्स आहे, तिनं उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारले. पीठ कोणतं? पाकीट दाखवा. टेबल? टिन? सुरी? दादाची सगळी उत्तरं बरोबर आली. मी मधूनमधून साक्षीदार होते. लेकीचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं बॅग उचलून आत आणली आणि खुर्चीवर ठेवली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

दादानं केक कापला. नातीच्या बशीत तुकडा ठेवला. तिनं चमचा हातात घेतला आणि म्हणाली, "आजोबा, मला कडेचा आवडतो."

"कडेचाच आहे," दादा म्हणाला. मग सुरी पुसता पुसता त्यानं लेकीला विचारलं, "तुझी आई टिनला काय लावायची गं?"

"लोणी, आणि वरून साखर. म्हणून तर कड कुरकुरीत व्हायची. का?"

दादा सुरी पुसायचा थांबला. उजव्या हाताकडे बघत राहिला. नातीचा चमचा केकमध्ये रुतला होता.

"खाऊ देऊ नकोस तिला," तो म्हणाला. "मी मैदा लावला."

लेकीनं चमचा धरला, बशी बाजूला सरकवली. "खाल्लंस का? खरं सांग. बोट चाटलंस?" पोर नाही म्हणाली. लेकीनं तिला मोरीत नेऊन कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "अगं, चिमूटभरच तर..."

"आत्या, चिमूटभरच पुरतं."

दादा खुर्चीवर बसून होता. "मी लावला नाही," तो म्हणाला. "म्हणजे मीच लावला. मला कळलं नाही."

लेक त्याच्यासमोर उभी राहिली. "सांगितलंत ते चांगलं केलंत, बाबा. पण सुट्टीचं जमणार नाही. मी कामावर असताना पुन्हा असं झालं तर मी काय करू?"

"बरं," दादा म्हणाला.

बॅग गेली. नात जिन्यापर्यंत मागे वळून बघत होती, आजोबांकडे नव्हे, केककडे. त्या वयात तेच असतं.

दार लागल्यावर माझा तोल गेला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही," असं म्हणून बसले आणि जीभ चावली. त्या घरात मेल्याबिल्याचं बोलायला नको होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर काडीचाही फरक पडला नाही. तो त्या केककडे बघत ढिम्म बसला होता. मग मी काहीतरी करायचं म्हणून दोन तुकडे कापले, एक त्याच्या हातात दिला. आपल्याला तर गहू चालतो. टाकून थोडाच द्यायचा होता?

त्यानं एक घास घेतला. सावकाश चावला. बदामाचा ओलावा, पीचचा आंबटगोड रस. चांगलाच झाला होता.

"तिचा असाच लागायचा का?" त्यानं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "तिचा याहून चांगला असायचा," मी म्हटलं. "तुला माहीत नाही?"

त्यानं मान हलवली. नाही. बशी खाली ठेवली आणि त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे. मी उठले नाही, पाठीवर हात फिरवला नाही. मला वाटलं, हात लावला तर थांबेल, आणि मला ते थांबायला नको होतं. मीही रडत होतेच.

पुष्कळ वेळानं त्यानं फोन घेतला आणि लेकीला लावला. त्याला कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर बोलतो.

"तुझ्या आईचा केक मी कधी खाल्लाच नाही गं," तो म्हणाला. "एकदाही नाही."

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. मग लेकीचा.

"माहितेय, बाबा. आईलाही माहीत होतं. ती दर वेळी एक तुकडा तुमच्यासाठी झाकून ठेवायची. तुम्ही भट्टीवर गेलात की मग आम्ही तो खायचो."

दादाचं रडणं तिला ऐकू जात असणार, कारण तिनं फोन ठेवला नाही. यानंही ठेवला नाही. दोघं तसेच, एक इथं आणि एक तिथं रस्त्यात.

"पुढच्या रविवारी मी रजा टाकते," शेवटी ती म्हणाली. "हिला घेऊन येते. तुमच्या शेजारी उभी राहते. टिन मी लावीन."

"ये," दादा म्हणाला. "लवकर ये."